खायला का औषधाला?

सोलापुरात होम मैदानाच्या कडेला, आकाशपाळण्यांच्या गोंगाटापासून जरा बाजूला, एक म्हातारी पोतं अंथरून बोरं विकत बसली होती. मी काही गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघायला गेले नव्हते. नातवाचं पहिलं बोरन्हाण होतं आणि मंडईतली उमराण बोरं लेकीनं फोनवरच नापास केली होती. "आई, डोक्यावरून घालायचीत, फेकून मारायची नाहीयेत." तिचं बरोबरच होतं. उमराण म्हणजे लिंबाएवढं पिवळंधमक फळ, त्यानं पोराच्या टाळूला टेंगूळच यायचं. मला हवी होती माळावरची बारकी, चण्यामण्या बोरं. म्हातारीपुढे दोन ढीग होते. एक लालसर, तुकतुकीत, फुगलेला. दुसरा सुरकुतलेला, काळपट, मनुकांच्या जवळ गेलेला. मी भाव विचारला. तिनं भाव सांगितला नाही. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खायला का औषधाला?"

मागून गर्दीचा रेटा होता, एका हातात हलव्याच्या दागिन्यांची पिशवी होती. मी "खायला" म्हणून मोकळी झाले. तिनं तुकतुकीत ढिगातली अर्धा किलो तोलली, वर मूठभर टाकली, मी पैसे दिले. रिक्षात बसल्यावर वाटायला लागलं की उत्तर चुकलं. खरं तर ती बोरं खायलाही नव्हती आणि औषधालाही नव्हती, ती डोक्यावरून ओतायला होती. पण खटकत होतं ते हे नव्हे. तो प्रश्न मी आधी कुठं तरी ऐकला होता, त्याच सुरात, आणि त्याला मला कधीच नीट उत्तर देता आलेलं नव्हतं.

तो सूर आजीचा होता.

आम्ही तेव्हा साखर पेठेत भाड्यानं राहायचो. पुढच्या बाजूला मागांचा खटखटाट, मागच्या बाजूला न्हाणीघर, आणि न्हाणीघराच्या सांडपाण्यावर वाढलेली एक बोर. ती कुणी लावलेली नव्हती. बोर कुणी लावत नाही, ती येते. आजीचं माहेर नान्नजच्या बाजूचं. तिच्या बोलण्यात 'आमचा माळ' असा शब्द यायचा, जणू काही तो माळ तिच्या वडिलांनी विकत घेतला होता. पुढे त्याच माळाचं माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं, तेव्हा तिला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. "ते पाखरू बोरं खायाला यायचं," एवढंच म्हणाली. माळढोक खरंच बोरं खातो, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. आजीच्या लेखी तो दुर्मीळ वगैरे नव्हता, बोरांतला वाटेकरी होता.

जानेवारीत तिच्या भावाकडून बोरांचं एक गाठोडं यायचं. ते सोडलं की आजी सुपात बोरं घेऊन उंबऱ्याशी बसायची आणि निवडायला लागायची. आम्ही पोरं भोवती घोटाळत असू. हात पुढे केला की पहिला प्रश्न ठरलेला, "खायाला का औषदाला?" आम्ही ओरडायचो, "खायला!" मग वाटीभर मिळायची, चावायच्या आधी उघडून बघायची ताकीद देऊन. बोर अर्धं तोडायचं, आत बघायचं, अळी नसेल तर बाकीचं अर्धं. अळी निघाली तर ते अर्धं फेकायचं आणि आधी गिळलेल्या अर्ध्याचा विचार करायचा नाही. औषधाची बोरं वेगळी. ती झाडावरच सुकायला लागलेली, कातडी गोळा झालेली. ती जुन्या लुगड्यावर पसरून पत्र्यावर वाळत पडायची आणि खडखडीत झाली की डालड्याच्या डब्यात जायची. त्या डब्याला हात लावला तर धपाटा. भूक लागलीये म्हणून औषध खाणं हे तिच्या मते चोरीपेक्षा वाईट होतं.

डबा उन्हाळ्यात उघडायचा. सोलापूरचा उन्हाळा मी सोलापूरकरांना सांगायला नको. बेचाळीस-त्रेचाळीसला आमच्याकडे 'आज जरा बरंय' म्हणतात. आजी रात्री पाच-सात वाळकी बोरं तांब्यात भिजत घालायची, सकाळी हातानं कुस्करायची, त्यात गुळाचा खडा, जिऱ्याची चिमूट, किंचित मीठ. गढूळ, तांबूस पाणी. चव आधी आंबट, मग गोड आणि गिळल्यावर जिभेच्या कडांना तुरट. वडील मागावरून दुपारी जेवायला यायचे, सदरा पाठीला चिकटलेला, कानात अजून तो खटखटाट घेऊन. ते हे पाणी प्यायचे आणि दोन मिनिटं काहीच बोलायचे नाहीत. तहान गेली की शीण गेला, काय ते मला माहीत नाही. पण त्या दोन मिनिटांनंतर ते हसून बोलायचे, आणि मी वाट बघायचे ती त्याचीच.

बाकीचे उपयोग तुटक आठवतात. तोंड आलं की बोरीच्या सालीचा काढा करून चुळा भरायच्या. घसा धरला की चार वाळकी बोरं आणि ज्येष्ठमध उकळून कोमट प्यायचं. केसतूड झालं की कोवळा पाला वाटून त्यावर थापायचा. गंमत म्हणजे ओल्या बोरांनी खोकला होतो म्हणून ती आम्हाला रागवायची आणि खोकला झाला की वाळक्या बोरांचाच काढा पाजायची. लहानपणी मला हा शुद्ध अन्याय वाटायचा.

पाल्याचं मात्र मला लख्ख आठवतं, कारण तो माझ्या डोक्यात असायचा. बोरीचं पान वरून हिरवं, गुळगुळीत आणि उलटं केलं की पांढरट, लोकरीसारखं. रविवारी आजी काट्यांमधून पाला ओरबाडायची. बोरीचे काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. पाट्यावर पाला ठेचून बादलीत घुसळला की हिरवट फेस यायचा, बुळबुळीत. त्यात सॅपोनिन असतं, शिकेकाईत असतं तसं, हे पुढे शाळेत शिकवताना मला कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की फेस डोळ्यात गेला तर झोंबत नाही आणि केसांना दिवसभर ओल्या गवतासारखा वास येतो. मला तो वास आवडायचा नाही. वर्गात सगळ्या मुलींच्या केसांना साबणाचा वास यायचा.

एका पहाटे दार वाजलं. पलीकडच्या बोळातला मुलगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याचे दादा, म्हणजे आजोबा, रात्री गेले होते. तो नुसता उभा राहिला. आजीनं काही विचारलं नाही. कंदील घेऊन मागे गेली, फांद्या वाकवल्या, आणि एरवी ओरबाडणारी ती बाई त्या दिवशी एकेक पान खुडत होती, देठासकट. परडी भरून दिली. मुसलमानांकडे मय्यताच्या अंघोळीच्या पाण्यात बोरीचा पाला घालतात, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. दुसऱ्या रविवारी तिनं माझ्या डोक्यावर तोच पाला घातला तेव्हा मी रडून गोंधळ घातला. ती म्हणाली, "अगं, स्वच्छ करतंय ते. जित्याला काय अन् मेल्याला काय." मला ते पटलं नाही. पण नंतर त्या वासाची लाज वाटणं बंद झालं, ते का, ते सांगता येत नाही.

आणि त्याच झाडाची बोरं भिंतीपलीकडे आनंदाला जायची. शेजारी तेलुगू कुटुंब होतं, पद्मशाली, घरात चार माग. भोगीच्या संध्याकाळी त्यांच्या लहानग्याला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, फुलांच्या पाकळ्या आणि सुटे पैसे ओतायचे. ते त्याला भोगी पळ्ळु म्हणायचे. बोर म्हणजे रेगी पळ्ळु. दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे संक्रांतीनंतर बोरन्हाण. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच झाड, एकच फळ, दोन-चार दिवसांचा फरक. पोरांच्या दृष्टीनं फरक आणखी एक होता: त्यांच्याकडे पैसे वेचायला मिळायचे.

आता ते सांगते, जे मी घरात कधी मोठ्यानं बोलत नाही.

बंड्या, माझा चुलतभाऊ, सहा वर्षांचा होता. मे महिन्यात सुट्टीला आला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. आजीनं औषधाचा डबा काढला. उलटीवर ती बोराच्या बीतला मगज द्यायची. बोराची बी फोडणं सोपं नसतं. पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठोकलं की ती टुणकन उडते. जोर जास्त झाला तर आतलं सगळं भुगा होतं. नीट फुटली तर आत दोन कप्पे, आणि त्यात तपकिरी, चपटं, तिळाहून थोडं मोठं बी. तीस-चाळीस बिया फोडाव्या तेव्हा चमचाभर मगज निघतो. मी उडालेल्या बिया शोधून आणत होते. लाह्यांचं पीठ, खडीसाखर, तो मगज, असं चाटण तिनं केलं आणि बंड्याला दिलं. उलटी थांबली. आजीनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे पाहिलंस? जुलाबावर सालीचा काढा दिला. दुपारी तीनच्या सुमाराला बंड्यानं पाणी मागणं बंद केलं. मला वाटलं, बरं वाटायला लागलं. त्याचे डोळे आत गेले होते आणि पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती.

वडील मागावरून आले, त्याला बघितलं आणि एक शब्द न बोलता सायकलवर घातलं. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर आजीवर ओरडले, सगळ्या वॉर्डासमोर: उलटी थांबवत बसायचं नसतं आजी, अंगातलं पाणी जातंय ते भरायचं असतं, अजून तासभर उशीर केला असतात तर... पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. आजी पदर तोंडाला लावून उभी होती. बंड्या वाचला, आज पुण्यात असतो, त्याला यातलं काही आठवत नाही.

त्यानंतर आजीनं डबा फेकला असेल असं कुणाला वाटेल. फेकला नाही. दरवर्षी बोरं आली, दरवर्षी वाळली. फक्त पुन्हा कुणाला उलट्या झाल्या की ती आधी मीठ-साखरेचं पाणी करायची आणि वडिलांना म्हणायची, "डॉक्टर काय म्हणतो ते ऐकून या, मग मी बघते." बिया फोडताना मी तिला नंतर कधीच पाहिलं नाही. याबद्दल ती बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. तिचं चुकलं होतं. आणि मगजानं उलटी थांबली होती हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवायला मला फार वर्षं लागली, आणि अजूनही त्या नीट बसत नाहीत.

निवृत्तीनंतर वाचनालयातून चरकसंहितेचं मराठी भाषांतर घरी आणलं होतं. सगळं कळलं असा दावा नाही. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात दहा-दहा द्रव्यांचे ५० गट दिलेत, कशावर काय चालतं त्याचे. त्यात उलटी थांबवणाऱ्या दहांमध्ये आंबट बोर आणि लाह्या दोन्ही सापडले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. नान्नजच्या माळावरच्या निरक्षर बाईच्या चाटणात ते कुठून आलं? हृदयाला हितकर गटात पुन्हा बोर. आणि शीण घालवणारा जो गट आहे, श्रमहर, त्याची यादी वाचून मला हसूच आलं: द्राक्षं, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, रानअंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठ दिवसांत येणारी साळ. यातली द्राक्षं, बोर, डाळिंब आणि ऊस म्हणजे आपला जिल्हाच की. शीण घालवणारं एवढं पिकतं आणि जिल्ह्याचा शीण काही जात नाही, असा एक कडवट विचारही येऊन गेला. तो सोडून द्या.

भावप्रकाश या नंतरच्या आयुर्वेदग्रंथात बोराचे आकारानुसार प्रकार आहेत: मोठं ते सौवीर, मधलं ते कोल, आणि झुडपावरचं बारकं ते कर्कंधू. तिथेच वाळक्या बोराला हलकं, भूक वाढवणारं, तहान आणि थकवा घालवणारं म्हटलंय. कच्चं बोर पित्त-कफ वाढवतं. म्हणजे ओलं नको, वाळकं चालेल, हा माझ्या लहानपणचा अन्याय ग्रंथात लिहिलेला होता. पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. 'कोल' हे वजनाचं मापही आहे. जुने वैद्य औषध कोलात मोजायचे, बोराएवढं, आजच्या हिशेबानं साधारण ६ ग्रॅम. फळ औषध आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण औषध किती घ्यायचं हे या फळानं ठरवलेलं आहे.

आता रोज सकाळी मोबाइलवर बोराचे फायदे येतात. झोप लागते, रक्त शुद्ध होतं, हाडं मजबूत होतात, कर्करोग पळतो. क जीवनसत्त्वाचं खरं आहे; १०० ग्रॅम बोरांत साधारण ७५ मिलिग्रॅम, संत्र्याहून जास्त. झोपेचं मात्र चीनमधल्या बोराच्या बियांबद्दल आहे. तिकडच्या वैद्यकात त्या बिया झोपेसाठी वापरतात. ती जात वेगळी, आपल्या बोरीची चुलतबहीण. युनानी दुकानात उन्नाब म्हणून लाल सुरकुतलेली फळं मिळतात, जोशांद्यात, म्हणजे युनानी काढ्यात, पडतात, तीही त्याच चुलतबहिणीची. लोकांनी बहिणीचे गुण आमच्या बोरीच्या नावावर लावून पुढे पाठवले. मला स्वतःला साखर आहे, आणि वाळक्या बोरात साखर गोळा झालेली असते. एकही संदेश हे सांगत नाही. त्यांत 'कोणाला', 'किती', 'कधी' हे तीन शब्द कधीच नसतात. आजीच्या एका प्रश्नात ते तिन्ही असायचे.

बोरन्हाण झालं. नातू काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट तिरका, चेहरा एखाद्या न्यायाधीशासारखा गंभीर. चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या आणि माझी अर्धा किलो बोरं त्याच्या डोक्यावरून घरंगळली. सोसायटीतली पोरं तुटून पडली, गोळ्या वेचल्या, बोरं तशीच टाकली. नातवानं मात्र एक उचललं आणि सरळ तोंडात घातलं. लेक किंचाळली. मी बोट घालून ते बाहेर काढलं, सवयीनं, कारण बी घशात अडकली तर तिथं चरकही नाही आणि आजीही नाही. दात नुकतेच आलेले. सालीवर दोन बारके खड्डे पडले होते. त्यानं आंबट तोंड केलं, अंगभर शहारला आणि पुन्हा हात पुढे केला.

गड्ड्याची दुकानं उठायच्या बेतात होती तेव्हा मी परत गेले. म्हातारी होती. तुकतुकीत ढीग संपला होता, सुरकुतलेला निम्मा उरला होता. शेजारच्या पाळण्याचे पाळणे उतरवून ठेवले होते, नुसता लोखंडी सांगाडा उभा होता.

"काय बघूलालाव ओ ताई?"

"औषधाला द्या, मावशी," मी म्हणाले. वाटलं, या वेळी उत्तर बरोबर आलं. "अर्धा किलो."

तिनं तराजू उचललाच नाही. "औषधाला अर्धा किलो? कुणाला काय होतंय?"

मी विचार करायला लागले. साखरेवर हे नको. गुडघ्यावर बोर चालतं असं कुठं वाचलं नव्हतं. वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली. नातू खणखणीत.

"कुणालाच काही नाही."

"मग खाऊन टाका की," ती म्हणाली आणि ओंजळभर बोरं माझ्या पिशवीत टाकली. पैसे दहाच घेतले. रिक्षा पार्क चौकाच्या सिग्नलला थांबली तेव्हा मी त्यातलं एक काढलं, अर्धं चावलं आणि दिव्याच्या उजेडात आत बघितलं.